खुंटी मोकळी होती

सात नंबरच्या रिॲक्टरमध्ये त्या सकाळी काहीही नव्हतं. आदल्या दिवशी रसायन शिजवायची ती टाकी धुऊन, झाकण उघडं टाकून ठेवली होती. तरीही कुंभवलीच्या त्या रंगाच्या कारखान्यातल्या पडद्यावर सात नंबरसमोर शहाऐंशी अंश असा आकडा उमटला, एक सेकंद टिकला आणि पुन्हा निमूटपणे एकतीस झाला. "साब, चार नंबर का टेम्परेचर सात में दिखा. अपनी आँख से देखा मैंने. फिर अपने आप ठीक हो गया," बबलू फोनवर सांगत होता. बबलू म्हणजे तिथला नऊ वर्षं जुना ऑपरेटर, उगाच घाबरणाऱ्यातला नव्हे. जितेश राऊत हा फोन ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ऐकत होता, कारण बोईसरच्या नवापूर रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर आत फोन वाजायचा तेवढा, बोलण्यापुरती रेंज येत नसे. "स्क्रीन बंद रखो," तो म्हणाला. "वेसल पे जो काँटा है, वही देख के चलाओ. मैं बोलूँ तब तक." त्याने फोन ठेवला. रिकाम्या रिॲक्टरला ताप चढलेला दिसला, ठीक आहे, त्यात कोणी मरत नाही. पण उलटं झालं असतं तर? चार नंबर आत उकळतोय आणि पडदा म्हणतोय एकतीस, तर बबलूने काय केलं असतं? वाफेचा वॉल्व्ह आणखी उघडला असता. पुढचं तारापूरच्या रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथे खिडकीची तावदानं आपोआप थरथरली की माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग घरच्यांना फोन लावतात.

तो आत आला आणि त्याची नजर पहिल्यांदा मेघालीकडे गेली. मेघाली तांडेल, सव्वीस वर्षांची, सातपाटीची, ऑफिसात येऊन दोन वर्षं झालेली. तिने त्याला आत येताना बघितलं आणि टेबलावरचा फोन पालथा घातला. हे आजचं नव्हतं. पंधरा दिवस तो बघत होता. फोन वाजला की ती उठून जिन्यात जाते. काय बोलायचं असतं एवढं जिन्यात? तो मागून गेला की तिच्या पडद्यावर दुसरंच काहीतरी उघडतं. परवा तिने विचारलं होतं, "सर, सेतूचं जुनं कोड तुमी एकट्यानीच लिहिलं का?" आणि त्या 'एकट्यानीच'मध्ये कौतुक होतं की आणखी काही, हे त्याला घरी जाईपर्यंत ठरवता आलं नव्हतं. जितेशचा स्वभावच तसा. भाजीवाल्याने हसून भाव कमी केला की हा पिशवी उघडून भेंडी पुन्हा निवडणार. त्याची बायको सुगंधा म्हणायची, तुमच्या हातावर देवाने प्रसाद ठेवला तरी तुम्ही आधी वास घेऊन बघाल. तो हसायचा, पण वास घेण्यात वाईट काय, हे त्याला खरोखरच कळत नसे. ज्यांनी भाबडेपणाने विश्वास टाकला त्यांचं काय झालं ते त्याने घरातच पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं होतं असं तो समजत होता.

सेतू ही त्याची लायब्ररी. कारखान्यातल्या यंत्रांशी बोलणारा जुना प्रोग्रॅम सी भाषेतला, पडद्यावर आकडे मांडणारा नवा पायथनमधला, आणि दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो कळत नाही. मधे सेतू. बारा वर्षांपूर्वी जितेशने ती लिहिली तेव्हा पलीकडून आकडे आणायला प्रोग्रॅमचा एकच हात होता, एक थ्रेड. तो एकेका रिॲक्टरकडे जायचा, तापमान घ्यायचा, पुलावरच्या एकुलत्या एका जागेवर ठेवायचा, अलीकडचा ते उचलायचा, मग पुढचा रिॲक्टर. यंदा कारखान्याला हे संथ वाटू लागलं. आठ रिॲक्टर, तर आठ हात हवेत, एकदम. पायथनचा स्वतःचा एक राखणदार असतो, तो एका वेळी एकालाच पुढे सोडतो. पण सीच्या हद्दीत पाऊल पडलं की तो आपली पकड ढिली करतो. म्हणजे पुलावर ज्याची त्याने काळजी घ्यायची. आठ हात एकमेकांचं ओझं उचलणार नाहीत एवढं बघायचं, हे काम दोन महिन्यांपूर्वी मेघालीला दिलं होतं. आणि आज चारचं ओझं सातने उचललं होतं. मग संशय घ्यायचा तो कुणावर? बारा वर्षं सुखाने चाललेल्या कोडवर की परवा आलेल्या पोरीवर? त्यातही तिला नीट जमलं नाही एवढंच असतं तर त्याने सोडून दिलं असतं. पण तिला जुनं कोड वाईट ठरवायचं होतं, हे त्याच्या मनाने कधीच पक्कं करून टाकलं होतं. आधी बिघडू द्यायचं, मग स्वतः सुधारून दाखवायचं. ऑफिसात वर चढायचे मार्ग त्याला ठाऊक नव्हते असं थोडंच होतं?

साडेदहाला मॅडमचा फोन आला. राजनंदिनीमॅडम, या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीण, बसतात पुण्याला. कारखान्यातून त्यांना कळलं होतं. जितेश पुन्हा जिन्यात. "कुणाच्या हातून झालं?" त्यांनी विचारलं. "मला कारणं नकोत, जितेश. माणसं मेली असती. ज्याने केलंय त्याला मी एक दिवस ठेवणार नाही. बारापर्यंत मला लेखी हवंय." तो खुर्चीत येऊन बसला आणि त्याने लिहिलं: गेल्या दोन महिन्यांत सेतूमध्ये झालेले सर्व बदल मेघाली तांडेल यांनी केलेले आहेत. वाक्य तीनदा वाचलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. 'चूक तिची' असंही कुठे म्हटलं नव्हतं. बघितलं ते सांगितलं, एवढंच. आणि हे 'बघितलं ते सांगितलं' मनात आलं तेव्हा त्याच्या जिभेवर एकदम मचूळ, खारट चव आली, कुणीतरी विहिरीचं पाणी ओंजळीत धरून तोंडाशी लावावं तशी. त्याने पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, आणि पाठवायचं बटण दाबलं.

ती चव कुठली, हे त्याला नीट माहीत होतं. माकुणसारला त्यांची पानवेलीची वाडी होती. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, आणि भगवंतकाका, दोघे सख्खे भाऊ. वाडी मधोमध वाटलेली, विहीर मात्र एकच, आणि तिच्या दोन अंगांना दोन मोटरी, त्यांची बटणं वाडीत आत, ज्याच्या त्याच्या खोपीत. खाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नियम कडक होता: एका वेळी एकच मोटर. दोन्ही चालल्या तर गोडं पाणी तळाला जातं आणि खालून खारं वर येतं, आणि पानवेलीला खारं पाणी म्हणजे विषच. म्हणून आजोबांच्या वेळेपासून विहिरीच्या खांबाला एक लाकडी खुंटी होती. ज्याची मोटर चालू असेल त्याने आपलं फडकं खुंटीला अडकवायचं. अण्णांचं तांबडं, काकाचं पांढरं. खुंटी मोकळी असेल तर आणि तरच मोटर लावायची. तीस-चाळीस वर्षं या खुंटीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, कारण एक भाऊ सकाळी पाणी घ्यायचा आणि दुसरा संध्याकाळी. मग एका वैशाखात ऊन असं तापलं की दोघांनाही दुपारचं पाणी हवंसं झालं. जितेशची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. अण्णांनी त्याला पाणी लावायला पाठवलं. त्याने खुंटी बघितली. मोकळी. मग तो केळींमधून आपल्या मोटरीच्या खोपीकडे गेला, मोटर चालू केली, खिळ्यावरचं तांबडं फडकं घेतलं, परत आला, आणि खुंटीवर पांढरं फडकं. वाऱ्याने जरासं हलत होतं. पलीकडून काकाच्या मोटरीची घरघर येत होती. तो तिथे उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली: काकाने मला येताना बघितलं आणि मुद्दाम घाई केली. मग आधी आलो आपण, तर आपण का बंद करायची? त्याने मोटर बंद केली नाही. काका तिकडे वाडीच्या टोकाला, त्याला काही कळलंच नाही. तीन तास दोन्ही चालू राहिल्या.

आठ दिवसांत पानांच्या कडा जळाल्या. देवळापुढे पारावर अण्णांनी चारचौघांत काकाला पाणीचोर म्हटलं. काका एवढंच म्हणत राहिला, "खुंटी मोकळी व्हती रे. बघून मगच लावली मी." अण्णांनी जितेशला पुढे उभं केलं. "बोल तू, काय बघितलंस?" जितेश बोलला: खुंटी मोकळी होती, मोटर लावून आलो तर काकाचं फडकं. बघितलं ते सांगितलं. "मग माझा पोर खोटा हाय?" अण्णांनी विचारलं. काकाचीही अर्धी वाडी त्याच पाण्याने जळली होती, चोराने स्वतःचंच घर कशाला लुटावं, हा प्रश्न पारावर कुणालाही पडला नाही. नंतर अण्णांनी बोईसर गाठलं, कारखान्याच्या गेटवर पंचवीस वर्षं पहाऱ्याला बसले, आणि त्या सगळ्या वर्षांत भावाचं नाव घरात निघालं नाही. जितेश मात्र त्या पारावरून एक धडा घेऊन निघाला होता: माणूस जवळचा असला की जास्त बघायचं.

पावणेबाराला मेघालीचा फोन वाजला. ती जिन्यात गेली. परत आली तेव्हा चेहरा कोरा होता. तिने डब्याची पिशवी उचलली, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाली, "येते सर." त्याने मान हलवली. दार बंद झाल्यावर त्याला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, ती रडली नाही, भांडली नाही, हेच त्याला खुपायला लागलं. निर्दोष माणूस असा जातो का? की दोषी माणूस असा जातो? त्याने तिचे बदल उघडले. आता पुरावाच हवा होता, मॅडमना नव्हे, त्याला स्वतःला. तासभर तो ओळी खाली सरकवत राहिला. स्वच्छ काम होतं, चिडावं इतकं स्वच्छ. आणि मग तो पुलाच्या मधोमध आला, जिथे तिने काहीच बदललेलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या जुन्या दोन ओळी. पहिलीत: जागा मोकळी आहे का ते बघ. दुसरीत: मोकळी असेल तर 'व्यापली' अशी खूण लाव. त्यांच्या शेजारी तीन आठवड्यांपूर्वीची मेघालीची नोंद होती. "सर, खूण बघणं आणि खूण लावणं वेगवेगळं होतंय. मधल्या वेळात दुसरा थ्रेडही जागा मोकळी बघू शकतो. मग दोघंही आत. या दोन गोष्टी एकाच दमात व्हायला हव्यात. मी खरं कुलूप घालू का?" खाली त्याचं उत्तर. "नको. बारा वर्षं चाललंय." आणि पुढे, विषय संपला अशी हिरवी खूण.

हे आपण लिहिलं, हे त्याला आठवतही नव्हतं. आठवत होता तो फक्त त्या दिवशीचा राग, माझ्या कोडला हिचं कुलूप. बारा वर्षं चाललं होतं कारण बारा वर्षं पुलावर जाणारा एकच होता. सकाळी एक भाऊ, संध्याकाळी दुसरा. तो पडद्याकडे बघत राहिला आणि त्या दोन ओळींच्या मधल्या एवढ्याशा पांढऱ्या पट्टीत त्याला केळींची वाट दिसायला लागली, पायाखालचा ओलसर पाचोळा, खोपीचं पत्र्याचं दार. तो खुंटी बघून खोपीकडे निघाला तेव्हा काका दुसऱ्या अंगाने आला होता. त्यानेही खुंटी बघितली होती. ती मोकळीच होती. फडकं तर जितेशच्या हातात होतं, नव्हे, हातातही नव्हतं, खिळ्यावर होतं. दोघांनी खरं बघितलं होतं. चोर त्या वाडीत कुणी नव्हताच. तो उठला, लाइटही न मालवता खाली उतरला आणि घरी गेला.

अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत. जितेशने चप्पल न काढता विचारलं, "अण्णा, खुंटीपासून आपली खोपी किती लांब होती?"

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. समोरच्या इमारतीवर कुणी चादर वाळत घालत होतं, तिकडे बघत ते म्हणाले, "नव्वद पावलं. जायला नव्वद, यायला नव्वद."

"तुम्ही मोजली होती?"

"पारावरचं झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिशी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? काका खोटं बोलत नव्हता हे?"

"व्हतं ठाऊक."

"मग बोलला का नाही?"

"चारचौघांत बोलून झालं व्हतं माझं. ते तोंडात परत कसं घालू?" अण्णांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर सारखा केला. "नि तू खोटा पडला असतास. सतरा वर्षांचा व्हतास. भावाला खोटा ठेवला, पोराला नाय."

जितेश दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याला अण्णांचा राग आला, नंतर लाज वाटली, आणि मग त्या दोन्हींच्या खालून एक जुना, ओळखीचा संशय वर आला, फक्त यावेळी तो त्याच्याकडेच तोंड करून होता. मोटर बंद का केली नाहीस? खुंटीचं जाऊ दे, ती फसवी होती. पण पांढरं फडकं दिसल्यावर तीन तास तू काय करत होतास? सकाळी मेल लिहिताना तीन वेळा कशाला वाचलास? त्याने तिथूनच मॅडमना फोन लावला. घरात रेंज होती, जिना लागला नाही. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "त्या दोन ओळी माझ्या. मेघालीने तीन आठवड्यांपूर्वी लेखी सांगितलं होतं, मीच नको म्हटलं. ती नोंद पाठवतो." मग मॅडम म्हणाल्या, "तिला कामावर परत घ्यायचंय, ते तू स्वतः जाऊन सांग. तुझं काय करायचं ते मी सोमवारी ठरवते." मागून अण्णा ऐकत होते.

सातपाटीला तो पोचला तेव्हा चार वाजत आले होते. घरांपुढच्या मोकळ्या जागेत आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी येत होतं. मेघाली आईच्या बरोबरीने काठीवरचे बोंबील उलटवत होती. आई, जयवंतीबाई, हात न थांबवता म्हणाल्या, "तुमीच काय ते सर?" तो हो म्हणाला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. जे झालं ते त्याने जसंच्या तसं सांगितलं: मेल, नोंद, मॅडमना केलेला फोन.

"बरं," मेघाली म्हणाली.

"तू त्यांना ती नोंद का नाही दाखवलीस? तुझ्याजवळ होती."

"मॅडमनी विचारलं, बदल तू केलेस ना. मी हो म्हटलं. केले होते." तिने एक बोंबील नीट केला. "नोंद तुमच्यासाठी लिहिली होती, सर. तुमीच नीट वाचली नाय, तर आणखी कोणाला काय दाखवणार?" आणि मग, जरा थांबून, "फोन मी पालथा घालते, कारण तुमी बघता. पंधरा दिवस बघताय. नि जिन्यात जाते, कारण रेंज तिथं हाय. तुमी पण तिथंच बोलता."

त्याला हसूही येईना आणि मान वर करणंही होईना. जयवंतीबाई पुढच्या काठीकडे गेल्या. मेघालीने हात ओढणीला पुसले.

"एक विचारू, सर? आज चूक माझीच निघाली असती, तर तुमी इथवर आले असता?"

किती तरी उत्तरं त्याच्या तोंडाशी आली. माणुसकी म्हणून आलो असतो. मॅडमशी बोललो असतो. सगळी ऐकायला बरी होती, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्याच शब्दांचा वास घेऊन बघावासा वाटला.

"नाही," तो म्हणाला. "नसतो आलो."

तिने त्याच्याकडे पूर्ण बघितलं. "मग उद्या येते," ती म्हणाली. "'आलो असतो' म्हणाला असता, तर नसते आले. कुलूप घालून ठेवलंय मी, माझ्या मशीनवर. आठ थ्रेड, दहा हजार फेऱ्या, एकदा पण चुकलं नाय. आधी तुमी वाचा. वाचल्याशिवाय हिरवी खूण करू नका."

"वाचतो," तो म्हणाला.

शिरगावच्या फाट्यावर त्याने गाडी कडेला घेतली. एक रस्ता पालघरवरून बोईसरला, घरी. दुसरा माहीम, केळवे करत माकुणसारला. सत्तावीस वर्षांत तो त्या बाजूला वळला नव्हता. काका दारात उभं करेल की नाही? आता आठवण झाली का, असं विचारेल. आणि आपण तरी कशासाठी चाललोय, काकाच्या डोक्यावरचं उतरवायला की स्वतःच्या? तेही त्याला नक्की सांगता आलं नसतं. त्याने अण्णांना फोन लावला.

"अण्णा, काकाकडे चाललोय."

मागे गॅलरीतल्या कबुतरांचा आवाज येत होता. मग अण्णा घसा साफ करून म्हणाले, "भगवंताला जाऊन म्हण, 'माझ्या बापाची चूक व्हती.' तुझं नाव काढू नको. माझंच सांग."

"खुंटी मी बघितली होती, अण्णा," जितेश म्हणाला. "आणि मोटर मी बंद केली नाही."

त्याने फोन खिशात ठेवला आणि गाडी केळव्याच्या रस्त्याला लावली.